हरीण कुणी पाठवलं

राजधानी, मोटेल, खोली नं. १४
रविवार, ११ जानेवारी १९९८

चि. डेल्फिया हिस,
लाइलदादाचे अनेक आशीर्वाद आणि प्रभूच्या नावाने सलाम.

पत्र बघून हसशील. पण तू फोनची वायर उपटून ठेवलीस, आता तुझ्या एकुलत्या एका भावाने काय कबूतर पाठवायचं? पोर गेल्यापासून तुला लोकांचे सांत्वनाचे फोन नकोत, हे कळतं मला. पण मी काय लोक आहे होय गं?

मंगळवारी अधिवेशन सुरू झालं. चौथ्यांदा निवडून आलो तरी इथे पाय ठेवला की अजून वाटतं, पेंडीच्या दुकानातून कुणीतरी चुकून धरून आणलंय. मोटेलची कॉफी म्हणजे गुरांना पाजायच्या काढ्यासारखी. या वेळी मला शिक्षण समितीवर घेतलंय. आता पुढचं सांगतो, ते माझ्याच तोंडून ऐक.

जीवशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या पानावर एक चिठ्ठी चिकटवायची, असं विधेयक आलंय. सुरुवातीला कुणी हजर नव्हतं, तेव्हा माणूस कुठून आला याबद्दल या पुस्तकात जे लिहिलंय तो अंदाज आहे, विद्यार्थ्यांनी मन मोकळं ठेवावं, एवढंच. माझी त्यावर सही आहे. शुक्रवारी एका बातमीदार मुलीने जिन्यात गाठून विचारलं, पृथ्वीचं वय किती. म्हटलं, सहा हजार आणि वर थोडी. माणूस माकडापासून झाला का, तर म्हटलं, आमचे आजोबा पाठमोरे कधीकधी तसे दिसायचे, पण नाही. तिने ते तसंच छापलं, वर आ वासलेला माझा फोटो! तुझ्या विल्डावहिनीने कात्रण फ्रिजवर लावलंय.

तू दहावीला हेच शिकवतेस, म्हणून आधी सांगितलं. रागावू नकोस. आणि काहीतरी खात जा गं. विल्डा म्हणते, तिने दारात ठेवलेले डबे तसेच परत मिळतात. आई रोज जेवताना तुझी चौकशी करते.

लोभ आहेच तुझा, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
लाइलदादा


स्टिलहाऊस, केंटकी
१८ जानेवारी

ती. लाइलदादास,
डेल्फियाचा सा. न. वि. वि.

फोटो पाहिला. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी टाचलाय. फोटोग्राफर दिसला की तोंड मिटत जा. आणि सहा हजारांवर ती थोडी म्हणजे किती? मुलं वर्गात विचारतात, मला सांगता आलं पाहिजे.

चिठ्ठी लावा बापडे. मुलं त्या पानावर तशाही मिशा काढतात. एकवीस वर्षं मी तो धडा मार्चमध्ये सहा दिवस शिकवते. ज्यांच्या आईबापांना नको असेल त्यांनी चिठ्ठी आणायची आणि सहा दिवस ग्रंथालयात बसायचं. मी कुणाशी वाद घातला नाही, कुणी माझ्याशी घातला नाही. ग्रंथालयातल्यांना मी शब्दकोडी पाठवते. रविवारी त्यांच्याच आयांच्या शेजारी बसून मी भजनं म्हणत आले. तुला हे सगळं माहीत आहेच.

मी कशी आहे विचारलंस. खरं सांगायचं तर कशीच नाही. ऑक्टोबरपासून मी दुःखाची वाट बघतेय आणि ते येत नाही. परवा तव्याला हात लागला, तर आधी वास आला, मग कळलं. वेंडलचे बूट दारापुढच्या ओट्यावर आहेत, तिथूनच मी रोज जाते-येते. त्याच्या बापाचं ओहायोतून एक कार्ड आलं. ते वाचलं आणि विजेच्या बिलाशेजारी ठेवलं. जेवायला बसले की प्रार्थनेला सवयीने मान खाली जाते, आणि तोंडात शब्द नसतो. अजिबात नसतो, दादा. मग मान वर करून जेवते.

चर्चचे पाळक कबरीपाशी म्हणाले, देवाला वेंडल हवा होता. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. कबर तू आणि चुलतभावांनी खणलीत. चार फुटांवर पाटीचा दगड लागला, त्यात नेच्याच्या पानाचा ठसा निघाला, आणि बहिणीला असलं आवडतं म्हणून तू तो चिखलासकट माझ्या हातात दिलास. तो माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. ते पान कुणाच्या पापाने मेलं नाही, कुणाला हवं होतं म्हणूनही नाही. गळलं, चिखलात पडलं. तुला चालणार नाही इतकी वर्षं झाली त्याला. त्याच्याकडे बघितलं की मला बरं वाटतं, आणि दुसऱ्या कशानेच वाटत नाही.

हरीण आपलं रस्ता ओलांडत होतं. वेंडल आपला जीप घेऊन घरी येत होता. एवढंच असेल, तर मी जगू शकेन. पण ते हरीण कुणी पाठवलं असेल, तर नाही जगता येणार.

हे फक्त तुझ्यापाशी. आईला नको, वहिनीला नको, पाळकांना तर नकोच नको.

माया ठेव, उपदेश नको.
तुझी,
डेल्फिया


राजधानी
२७ जानेवारी

चि. डेल्फियास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. अगं वेडे! मग मोटेलच्या गालिच्यावर गुडघे टेकले, आणि उठताना पलंगाला धरून उठावं लागलं, इतका वेळ गेला. तुझ्या हरणाचं उत्तर मला येत नाही. मी पेंड विकणारा माणूस. आपल्याला कळत नाही म्हणजे कारण नाही असं नव्हे, एवढंच मला माहीत आहे. ते तुला पुरणार नाही, तेही माहीत आहे.

पण हे ओझं एकट्याने उचलवेना. म्हणून विल्डाला फोन केला. थांब, आधी ऐक. तिला म्हटलं, बुधवारच्या प्रार्थनेत नुसता हात वर कर, न सांगितलेली विनंती म्हणून. नाव नाही, कारण नाही, सगळे डोळे मिटतात आणि प्रार्थना होते. आपल्यात हे चालतंच की. टर्नरच्या पोराच्या वेळी वर्षभर हात वर होत होता आणि कुणाला पत्ता लागला नाही. तू नको म्हणालीस ते मी मोडलेलं नाही. थोडं वाकवलंय.

चाळीस माणसांनी तुझ्यासाठी एकदम डोळे मिटले तर तुझं काय वाईट होणार आहे? इथे बर्फ पडायचं म्हणतात. तुझ्या गाडीचे टायर बदलून घे.

ओढ कमी होऊ देऊ नकोस. मला एकच बहीण आहे.
लाइलदादा


स्टिलहाऊस
सोमवार, ९ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

हात वर झाला. पण तू एक विसरलास. विल्डावहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं की तिच्या पोटात काही राहत नाही. पाळकांनी मायेने विचारलं, निदान नाव सांगितलंस तर देवापुढे नावाने मागता येईल. तिने नाव सांगितलं. मग कुणीतरी मायेनेच विचारलं, काय झालंय तिला. मग तिने सगळं सांगितलं. पाळकांची मुलगी दर आठवड्याला विनंत्यांची यादी टाइप करते, ती काल उपासनेच्या पत्रकात छापून आली. आठवणीने लिहिते: हॉबर्टचा गुडघा. ऑर्कामावशीचा मोतीबिंदू. डेल्फिया, मुलाच्या मृत्यूनंतर देवावरचा विश्वास ढळला आहे, शाळेत विज्ञान शिकवते. चर्चच्या विहिरीचा पंप.

मी चौथ्या बाकावर होते. पत्रक माझ्याही हातात होतं.

कुणी वाईट वागलं नाही, हेच कठीण आहे. संध्याकाळपर्यंत पाच भांडी आली, घेवड्याची, चिकनची, केळ्याच्या पुडिंगची. एकीने दारातच मला मिठी मारली आणि कानात म्हणाली की सैतान अशाच वेळी डाव साधतो. मी तिला थँक्यू म्हटलं. राग येईल म्हणून मी खुर्चीत बसून वाट बघितली. आला नाही, मग भांडी फ्रिजमध्ये लावली.

आज वर्गातल्या सव्वीसपैकी चौदांनी चिठ्ठ्या आणल्या. मार्चच्या धड्यासाठी नाहीत, माझ्या अख्ख्या तासासाठी. मुख्याध्यापक स्टिडम यांनी बोलावलं. भला माणूस, वेंडलला बास्केटबॉल त्यांनीच शिकवलं. म्हणाले, धडा या वर्षी राहू दे. आणि रविवारी चर्चमध्ये उभं राहून दोन शब्द बोलशील का, आपण सावरलो म्हणून? नाहीतर पुढच्या वर्षी माझी जागा वर्गात ठेवणं त्यांना जड जाईल. मी म्हटलं, सावरले तर बोलेन.

आता एकच मागते. चोवीस तारखेला समितीपुढे तुमच्या विधेयकाची सुनावणी आहे. पृथ्वी सहा हजारांची म्हण, सहा दिवसांची म्हण, आजोबांना काय म्हणायचं ते म्हण. मी हूं की चूं करणार नाही. पण माझं आणि वेंडलचं नाव त्या खोलीत तुझ्या तोंडून निघता कामा नये. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. तो कसा गेला आणि मी त्याबद्दल काय विचार करते, एवढंच माझं स्वतःचं उरलंय. ते मला राहू दे.

ही विनंती छापायची नाही.
डेल्फिया


राजधानी
१४ फेब्रुवारी

चि. डेल्फियास अनेक आशीर्वाद.

मला तोंड दाखवायला जागा नाही. विल्डा चार दिवस रडतेय. पाळकांना फोनवर असं झाडलं की शेजारच्या खोलीतल्याने भिंत ठोकली. ते म्हणतात, पुढच्या रविवारी तुझं नाव काढतील. मी म्हटलं, आता काढून काय उपयोग, उलट सगळे म्हणतील पोरगी बरी झाली.

शब्द देतो. आपल्यात शपथ घेत नाहीत, नुसता दादाचा शब्द. तुझं नाव नाही, वेंडलचं नाही.

चोवीस तारखेची मात्र धास्ती आहे. विद्यापीठातला एक प्रोफेसर विरोधात बोलायला येतोय. मी कार्डांवर मुद्दे लिहून आरशासमोर म्हणतोय. लोक मला हसले की माझं काय होतं, तुला ठाऊक आहे. चौथीत फळ्यापाशी हसले, तर मी बाईंची छडी मोडून खिडकीतून पळालो होतो, आणि तू पहिलीतून दप्तर टाकून माझ्यामागे धावली होतीस. आता खिडकीतून पळायचं वय नाही आणि ती खोली तिसऱ्या मजल्यावर आहे!

माझ्यावरचा जीव उडू देऊ नकोस गं.
लाइलदादा


राजधानी
मंगळवार, २४ फेब्रुवारी, संध्याकाळ

चि. डेल्फियास,

हे पत्र तुला पेपरच्या आधी मिळावं म्हणून आत्ताच्या आत्ता लिहितोय. पण टपाल दोन दिवस घेतं आणि पेपर उद्या सकाळी येतो. तुझा फोन तीनदा लावून पाहिला. लागत नाही हे माहीत असून लावला.

प्रोफेसर वाईट माणूस नव्हता. हळू आवाजात बोलत होता. त्याने विचारलं, आमदारसाहेब, सहा हजार हा आकडा कुठून आला. मी म्हटलं, वंशावळ्या मोजून. तो म्हणाला, तुम्ही स्वतः मोजल्यात का. मी कार्डं शोधायला लागलो, ती जमिनीवर पडली, आणि खोली हसली. पाठीमागे शाळेची पोरं सहलीला आणली होती, ती हसली. आमच्या बाजूचे लोकसुद्धा हसले.

आणि मग मी ते केलं. तुझं पत्र कोटाच्या खिशात होतं, जानेवारीपासूनच असतं. मी म्हटलं, तुम्हाला हा आकड्यांचा खेळ वाटतो. माझ्या बहिणीचं अठरा वर्षांचं पोर रस्त्यावर मेलं, आणि ही पुस्तकं शिकवून शिकवून तिची अशी दशा झालीय की तिला प्रार्थनेला शब्द सुचत नाही. आणि हरणाचा परिच्छेद मी वाचून दाखवला. वेंडलचं नाव घेतलं. तुझंही.

कुणी हसलं नाही त्यानंतर. प्रोफेसरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. एका म्हाताऱ्या आमदाराने सगळ्यांदेखत डोळे पुसले. अकरा विरुद्ध चार मतांनी विधेयक समितीतून पुढे गेलं. लोक माझा हात धरून म्हणाले, हे देवाने करवून घेतलं. तासभर मलाही तसंच वाटत होतं. मग खोलीवर आलो, कोट काढला आणि बसलो. तो आत्तापर्यंत बसलोय.

क्षमा मागायची माझी लायकी नाही, तरी मागतो.
लाइलदादा


स्टिलहाऊस
शनिवार, ७ मार्च

ती. लाइलदादास,

तुझं पत्र शुक्रवारी आलं, पेपर बुधवारीच आला होता. शाळेत पहिल्या तासाआधी माझ्या टेबलावर कुणीतरी घडी करून ठेवला होता, वर वाचायच्या जागी पेन्सिलीने खूण. माझी वाक्यं पहिल्या पानावर होती. बातमीदाराने एक स्वल्पविराम घातलाय, तो बरोबर आहे. मी वाचलं, मग हजेरी घेतली.

तुला कळावं म्हणून सगळं लिहिते. वर्गात आता सहाजणं उरली आहेत. धडा राहू दे म्हणाले होते, तरी मी सोमवारपासून सुरू केला. हट्ट म्हणून नाही. मार्च आला, आणि मार्चमध्ये मी तो धडा शिकवते. सहाजणांसाठी खडूही कमी लागतो. काल टॅम्सी नावाच्या मुलीने विचारलं, बाई, तुम्हाला खरंच असं वाटतं का, हरणाबद्दल. मी म्हटलं, ते या धड्यात नाही. ती म्हणाली, सॉरी. मग आम्ही पुढचा परिच्छेद घेतला.

स्टिडम यांनी बुधवारीच सांगितलं, ऑगस्टपासून मी ग्रंथालयात. पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारायचे. त्यांना सांगताना फार त्रास झाला, मीच त्यांना पाणी दिलं. टीव्हीवाले दोनदा दारात येऊन गेले. आई वहिनीबरोबर आली होती. माझ्या ताटात वाढत राहिली. जाताना म्हणाली, लाइलला तू टाकू नकोस, त्याला दुसरं भावंड नाही. मी म्हटलं, बघते.

लोक म्हणतात, मी तुझ्यावर चिडले असेन. मी शोधलं, खरंच शोधलं. तू वचन मोडलंस तिथे हात लावून पाहिला, माझं पत्र वाचलंस तिथे पाहिला. काहीच जाणवलं नाही. तू हसण्याला घाबरतोस हे मला माहीत होतं, ते तू मला आधी लिहिलंही होतंस. पत्र लिहिण्याची चूक माझी.

एकच गोष्ट लागली. तीही तिसऱ्यांदा वाचताना.

वेंडल अठरा वर्षांचा नव्हता. एकोणीस वर्षं, एक महिना आणि अकरा दिवसांचा होता. एकोणिसाव्या वाढदिवसाला तू त्याला ती जीप विकत घ्यायला मदत केलीस आणि माझ्याकडून शिव्या खाल्ल्यास. दादा, तू जगाचं वय सांगायला उभा राहिलास, आणि तुला त्याचं वय सांगता आलं नाही. रात्रंदिवस मी तेवढंच मोजते, झोपेतसुद्धा चुकत नाही. बुधवारपासून चार लाख लोकांच्या घरात ते चुकीचं छापून पडलंय. हे वाचलं तेव्हा मी पहिल्यांदा रडले, ओट्यावर, त्याच्या बुटांशेजारी बसून. शेजारची कुत्री भुंकायला लागली इतकी रडले.

बाकी काही दुरुस्त करू नकोस, ते व्हायचं नाही. वय तेवढं दुरुस्त करून घे.

लोभ असावा असं शेवटी लिहायची सवय आहे. आज ते लिहीत नाही.
डेल्फिया


राजधानी
११ मार्च

प्रिय डेल्फियास,

तुझं पत्र काल मिळालं. आज सकाळी नोंदी ठेवतात त्या खोलीत गेलो. तिथल्या बाईंना म्हटलं, चोवीस तारखेचं माझं सगळं बोलणं काढून टाका. त्या म्हणाल्या, तसं करता येत नाही. खोलीत जे बोललं गेलं ते राहतं. तपशिलाची चूक असेल, तर तेवढी बदलता येते.

म्हटलं, चूक आहे. त्यांनी अर्ज दिला. काय होतं, काय हवं, आणि बरोबर माहिती कुणी दिली, असे तीन रकाने होते. पहिल्या दोन्हींत मी अठरा आणि एकोणीस लिहिलं. उरला तिसरा. त्याला जन्मला त्या दिवशी मी हातात घेतलं होतं आणि त्याची कबर मी खणली, तरी तिथे माझं नाव लिहिता येईना. लिहिलं, त्याची आई.

बाईंनी माझ्यासमोर अठरा खोडून एकोणीस केलं. मी पान वाचून पाहिलं. ते आता बरोबर आहे. त्याच्या वरचं आणि खालचं सगळं जसंच्या तसं आहे.

लाइल